रझाकाराची बंदूक

कारभारीनं बंदुकीची नळी तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली, तसं पलीकडच्या टोकातून एक झुरळ बाहेर पडलं आणि थेट पोलीसपाटलांच्या धोतरावर जाऊन बसलं.

"बघा पाटील," कारभारी म्हणाला, "अजून नेम चुकत न्हाई."

श्रीमंतराव पाटलांनी झुरळ झटकलं, पण ते हसले नाहीत. त्या वर्षी बोरदऱ्यात कुणी फारसं हसतच नव्हतं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. गावातल्या विहिरींत दिवाळीलाच खडक दिसायला लागले होते. पाणी उरलं होतं ते एकाच जागी, भैरोबाच्या बारवेत. आणि त्या दगडी पायऱ्यांवरून बोरदऱ्याच्या घागरी उतरायच्या तशाच ओढ्यापलीकडच्या मुंजेवाडीच्याही उतरायच्या. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी चावडीत बैठक बसली आणि वाटायला लागलं.

"बारवंच्या तोंडाशी नुसतं हुबं ऱ्हायाचं," पाटील म्हणाले. "काठ्या घिऊन मान्सं बसवली तर डोकी फुटत्यात, पोलीस येत्यात, सोयरिकी तुटत्यात. बंदूक बघून मान्सं नुसती मागं फिरत्यात. त्यात तुजी लाकडाची. म्हंजी पाप बी न्हाई."

कारभारीची बायको रतनबाई चुलीपुढं बसली होती. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "नाटकात चालतं त्ये. हितं घागरी रिकाम्या हायत."

"तू भाकर बघ," कारभारी म्हणाला. एवढ्यात त्याचा हात आढ्यावरच्या गाठोड्याकडं गेलाही होता. त्यात हिरवा कोट होता, लाकडी काडतुसांचा पट्टा होता. दोन वर्षं जत्रा भरली नव्हती आणि दोन वर्षं त्याचा नाटकातला दरोडेखोर, जालिमसिंग, त्या गाठोड्यात घडी घालून पडला होता.

बंदुकीची गोष्ट अशी, की ती गोरक्षनाथ सुतारानं केली होती. पंचवीसेक वर्षांमागं गावानं जत्रेत दरोडेखोराचं नाटक बसवलं, तेव्हा कारभारीच्या हातात पहिल्यांदा एक आडवी तिडवी फळी दिली होती. तिला बघून पोरं हसली. गोरक्षनाथाला ते लागलं. तो पायी नगरला गेला, छावणीच्या फाटकासमोर चिंचेखाली तीन दिवस बसला आणि पहारेकऱ्याची बंदूक त्यानं नुसत्या डोळ्यांनी मापली. चौथ्या दिवशी पहारेकऱ्यानं त्याला हाकललं, पण तोवर माप झालं होतं. बाभळीच्या गाभ्याचा दस्ता, सायकलच्या हवा भरायच्या दोन पंपांच्या नळ्या एकाला एक जोडून केलेली नळी, वरून काजळ आणि जवसाच्या तेलाचे सात हात. आत त्यानं लोखंडाची एक पट्टी अशी बसवली, की घोडा ओढला की खट् असा आवाज यायचा. त्या आवाजानं पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकायची. पडद्यामागं सहादेव पोटॅशची पुडी दगडावर ठेवून हातोडा घेऊन तयार असायचा. खट् झालं, की त्याचा धडाम्.

ही बंदूक लाकडाची आहे, हे बोरदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण वेशीबाहेर ते कुणी बोलत नसे. तालमीच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला, की नाटकातली सगळी माणसं रंगाच्या पेटीवर हात ठेवायची आणि आण घ्यायची: बंदुकीचं गुपित जो बाहेर सांगेल, त्याच्या तोंडाला पुन्हा रंग लागायचा नाही. बाहेरच्यांसाठी वेगळी हकिगत होती. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत निजामाच्या हद्दीतून पळालेला एक रझाकार ती बोरदऱ्याच्या ओढ्यात टाकून गेला आणि कारभारीनं बुडी मारून ती वर काढली. त्या ओढ्याला त्या साली घोट्याएवढंही पाणी नव्हतं, हे कुणी कधी विचारलं नाही. एकदा तालुक्याहून एक फौजदार परवाना बघायला आला. त्यानं बंदूक हातात घेतली, तिचं वजन बघितलं, कारभारीकडं बघितलं आणि थोडा वेळ मिशीत बोटं घालून उभा राहिला. मग म्हणे त्यानंही पेटीवर हात ठेवला. बाहेर जमलेल्या लोकांना तो एवढंच म्हणाला, "जपून वापरा रे बाबांनो."

एका वर्षी पोटॅशला ओल लागली. कारभारीनं तीनदा घोडा ओढला. नुसतं खट्, खट्, खट्. त्या गोळीनं मरायची ती चंद्रा शेवटी कंटाळून आवाजाशिवायच पडली. पण मुंजेवाडीच्या लोकांनी तो बार आपल्या कानांनी ऐकल्याचं पुढं वर्षभर सांगितलं.

चंद्रा म्हणजे छगन. राहायला मुंजेवाडीचा, पण त्याच्यासारखं लुगडं नेसणारं नि डोळे खाली घालणारं दहा गावांत कुणी नव्हतं. म्हणून बोरदऱ्यातून त्याला दरवर्षी मानाचा नारळ जायचा. वीस वर्षं कारभारीनं त्याला दर चैत्रात एकदा गोळी घातली. मुंजेवाडीत बंदुकीचं खरं माहीत असणारा तो एकटाच. पण आण पाळण्यावरच तो थांबला नाही. त्याच्या डाव्या खांद्यावर बैलाच्या शिंगानं उठलेला एक वण होता. तो उघडा करून छगन वाडीतल्या पोरांना सांगायचा, "तालमीत गोळी चाटून गेली. देवाची किरपा, न्हाईतर तुमी आज मला बघत नसता."

नाटक भरउन्हात व्हायचं. लांबच्या लोकांना दिवस मावळायच्या आत घर गाठायचं असे. अंगावर नऊवारी, तोंडावर सफेद्याचा थर, डोक्यावर टोप. गोळी लागेपर्यंत छगनचा घसा पार कोरडा पडलेला असायचा. शेवटच्या प्रवेशात मरती चंद्रा "पाणी, पाणी" करायची, जालिमसिंगाला पश्चात्ताप व्हायचा आणि तो तिचं डोकं मांडीवर घेऊन लोट्यानं पाणी पाजायचा. बायका पदरानं डोळे पुसायच्या. इकडं छगन घटाघटा सगळा लोटा रिकामा करायचा आणि पडल्या पडल्या हळूच म्हणायचा, "दादा, आनिक हाय का?" कारभारीला हसू दाबून रडावं लागायचं. त्याच्या रडण्याची तारीफ व्हायची ती त्यामुळंच.

हे सगळं मनात घोळवत कारभारी दुसऱ्या दिवशी उजाडताच बारवेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पांढऱ्या मिशांना त्यानं काजळ फासलं होतं. पाठीमागं चिंचेच्या सावलीत पाटील आणि गावातली पाचसहा माणसं बसली होती.

पहिल्यांदा आली ती मुंजेवाडीची दगडाबाई, तिच्या मागं एक नवी नवरी. दगडाबाई चार पावलांवर थबकली.

"ह्ये काय, कारभारीभावजी?"

"आजपासनं बारव बोरदऱ्याची. मागं फिरा."

"आन् आमी काय करावं?"

कारभारीनं दस्ता खांद्याला लावला आणि घोडा ओढला. खट्. नवरीच्या कमरेवरची मातीची घागर सुटली आणि दगडावर पडून फुटली. रिकामीच होती, खापऱ्या तेवढ्या पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेल्या. दोघी वळल्या आणि जवळजवळ पळत ओढ्यापार झाल्या. आणि तेव्हा कारभारीच्या नकळत त्याच्या छातीतून जालिमसिंगाचं ते सात मजली हसू बाहेर पडलं. दोन वर्षं कोंडलेलं होतं ते. चिंचेखालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तो घरी आला तो ताठ मानेनं. रतनबाईनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.

"हसू ओढ्यापतूर ऐकू आलं," ती म्हणाली.

"आवाज बसला न्हाई अजून," कारभारी म्हणाला.

"व्हय. त्या पोरीला बी ऐकू गेला आसंल."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मुंजेवाडीची माणसं एकत्र आली. बायका घागरी घेऊन मागं, पुरुष काठ्या घेऊन पुढं, आणि सगळ्यांच्या पुढं हातात एक कळशी घेतलेला छगन. वय पंचावन्न झालं तरी चालण्यात ती लय होतीच. कारभारीला एकदम बरं वाटलं, आणि लगेच त्यानं बंदूक छातीशी आवळली. ह्याला सगळं ठाऊक होतं.

"राम राम, दादा."

"राम राम."

"सून बाळंत झालीया. तिसरा दिस हाय. घरात तांब्याभर बी न्हाई."

"पाटलाला इचार. त्ये काय, चिंचंखाली बसल्यात."

"बंदूक पाटलाच्या हातात न्हाई, दादा."

कारभारीनं मागं नजर टाकली. पाटील उठून उभे राहिले होते. ह्या एका कळशीला वाट दिली, की मागच्या वीस घागरी आत शिरणार. आणि मग बंदूक कशाला काढली होती, ते सांगावं लागणार. त्यानं ती वर उचलली. "छगन, म्होरं यिऊ नगंस," तो म्हणाला, आणि त्याच्याच कानांना कळलं, की हा आवाज त्याचा नाही, जालिमसिंगाचा आहे.

छगन एक पाऊल पुढं आला. कारभारीनं घोडा ओढला. खट्.

वीस वर्षं त्या आवाजाला छगन पडत आला होता. आज तो उभाच राहिला. नळीच्या मधोमध, जिथं दोन पंप जोडल्याची बारीक रेघ काजळाखालूनही दिसायची, तिथं तो बघत होता.

मागून एक तरणा गडी पुढं आला. काठीवर त्याची पकड घट्ट होती.

"छगनतात्या, नुसतंच वाजतंय ह्ये. बार कुटं हाय? तुमी इतकी वर्सं हिच्यासमोर हुबं ऱ्हायलात. आज सांगा, खरी हाय का खोटी?"

सगळी वाडी छगनकडं बघायला लागली. कारभारीच्या मिशीवरून घामाचा ओघळ आला आणि काजळ घेऊन ओठावर उतरला. तो त्यानं पुसला नाही. दोन्ही हात बंदुकीला होते. त्या एका शब्दावर बारव मुंजेवाडीची होत होती. छगननं फक्त म्हणायचं होतं, लाकडाची.

छगननं कळशी खाली ठेवली. सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि डावा खांदा उघडा केला.

"ह्ये काय मग, मांजरीनं बोचकारलंय व्हय रं?" तो म्हणाला. "खरी हाय. फिरा मागं."

"तात्या, पर—"

"फिरा म्हनलं ना. बायका हायत संगं."

त्यानं कळशी उचलली. जाताना तो वळून बघेल, असं कारभारीला वाटत होतं. चंद्रा प्रत्येक प्रवेशात जाताना एकदा वळून बघायची. छगन ओढ्यात उतरला, पलीकडं चढला, आणि सरळ निघून गेला.

"वा रं कारभारी!" पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "त्या छगन्यालाबी खरी वाटली की."

गावात माणशी हिशेबानं पाणी मिळत होतं. कारभारीच्या वाट्याला दोन घागरी होत्या. त्यातली एक त्यानं दुपारी उचलली. रतनबाई दारात उभी होती. तिनं चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली.

मुंजेवाडीत माणसं सामान बांधत होती. छगन ओट्यावर बसून दोरी वळत होता. कारभारीनं घागर त्याच्यापुढं ठेवली. छगननं आत हाक मारली. त्याची बायको बनुबाई बाहेर आली, तिनं एक तांब्या काढून सुनेसाठी आत नेला. मग ती घागर उचलून शेजारच्या घरी गेली, तिथून पुढच्या. प्रत्येक उंबऱ्यात एकेक तांब्या. वाडीत अठरा उंबरे होते. घागर परत आली तेव्हा तळाला ओलही नव्हती.

"तू घेतलं न्हाईस," कारभारी म्हणाला.

"मला तान न्हाई."

दोरी थोडी पुढं सरकली.

"का न्हाई बोललास, छगन? एक शबूद बोलायचा हुता. आनेचं काय यवडं घिऊन बसलास?"

"आन कुटली आता." छगननं दोरीला पीळ दिला. "धा बारा काठ्या हुत्या, दादा. पोरं तीन दिसाची तापल्याली. बोललो आसतो तर तुला घरी न्यायला झोळी लागली आसती."

कारभारीनं घागरीच्या काठावरून बोट फिरवलं.

"उद्या ये," तो म्हणाला. "मी न्हाई हुबा ऱ्हानार. त्वांड फिरवून बसतो."

"उद्या कुनी न्हाई हितं. खर्ड्याकडं तळ्याचं काम निगालंय. तितं सरकारी टँकर येतो म्हनत्यात." छगन उठला, वळलेली दोरी गाडीला बांधायला लागला. "तीन दिसाची बाळंतीन गाडीत. बघू."

दुसऱ्या दिवशी बारवेवर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कारभारी तरी जाऊन उभा राहिला, कारण पाटलांनी सांगितलं होतं. समोर ओढा, ओढ्यापलीकडं अठरा बंद दारं. चिंचेखालची माणसंही एकेक करून यायची बंद झाली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी बारवेच्या तळाला गाळ दिसला. मग बोरदऱ्यानंही आपली गाठोडी बांधली.

तिसऱ्या साली पाऊस झाला. बरी पिकं आली, माणसं परतली, ओढ्यापलीकडं पुन्हा धूर दिसायला लागला. चैत्रात भैरोबाची जत्रा भरायचं ठरलं. छगनला नारळ कुणी घेऊन जायचा, यावर बैठकीत कुणी पुढं येईना, तेव्हा कारभारी उठला. पण मग त्यानं सहादेवलाच पाठवलं. नारळ परत येईल, अशी त्याची खात्री होती. नारळ परत आला नाही. तालमीच्या दिवशी छगन आला, लवून सगळ्यांना राम राम घातला आणि सगळ्यांच्या आधी रंगाच्या पेटीवर हात ठेवला. त्याचा हात वाळून काटकी झाला होता. सुनेचं कुणी विचारलं नाही. छगनच्या धोतराला धरून नुकती पाय फुटलेली, वर्षसव्वा वर्षाची एक पोर आली होती, ती दिवसभर बनुबाईच्या मागं फिरत होती. आईच्या मागं फिरताना कुणाला दिसली नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन नेहमीसारखंच होतं. मुंजेवाडीची माणसं आपल्या नेहमीच्या जागी, लिंबाखाली बसली होती. जालिमसिंग हसला, सात मजल्यांतले तीनेक मजले चढला आणि थांबला. खट्. सहादेवचा धडाम्. चंद्रा अशी पडली, की पुढं बसलेल्या पोरी किंचाळल्या.

कारभारीनं बंदूक खाली टाकली, धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. सफेद्याखाली छगनचे ओठ तडकले होते.

"पाणी," चंद्रा म्हणाली. "पाणी."

कारभारीनं लोटा तिच्या तोंडाला लावला. रतनबाईनं सकाळीच बारवेतून आणलेलं, गार पाणी होतं. त्यानं लोटा कलता केला. पाणी ओठांपाशी आलं, ओठांवरून वाहिलं, हनुवटीवरून उतरलं, गळ्यावरचा रंग घेऊन चोळीत शिरलं. कारभारी छगनच्या गळ्याकडं बघत होता. ओठ त्यानं घट्ट मिटून घेतले होते, गळा हलला नाही. त्यानं लोटा आणखी कलता केला. "घे की," तो कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला. "छगन, घे की रं."

छगनचे डोळे उघडे होते आणि वर, उन्हात कुठंतरी बघत होते.

लोटा रिकामा झाला. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली मातीत गेलं. गर्दीत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इतकं चांगलं मरण छगनला आजवर कधी जमलं नव्हतं, असं पाटील शेजारच्याला म्हणाले. आणि कारभारी, ज्याला आता रडायचं होतं, रिकामा लोटा तसाच धरून बसून राहिला. शेवटी सहादेवनं आतून दोनदा खोकून पडदा ओढला.